मांडवातली जाकिटं

जाकिटं बारा होती आणि त्या दिवशी बाराही मांडवात होती. कडूबाला एवढंच सांगायचं होतं. मेहकरच्या स्टँडवर बस बदलली, खिडकीपाशी जागा मिळाली, बस हलली, तरी तो हेच वाक्य मनातल्या मनात म्हणून पाहत होता. एका दमात सांगून व्हावं एवढं लहान वाक्य. पण 'मांडवात' या शब्दापाशी आलं की वाक्य तुटायचं, आणि पाढा चुकलेल्या पोरासारखा तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा.

बस देऊळगाव राजाला चालली होती. तिथे आज सौमित्रची तेरवी.

सौमित्र म्हणजे तिथल्या सुधाकर गुरुजींचा एकुलता एक मुलगा. वय तेहतीस, बँकेत नोकरी. बारा दिवसांपूर्वी सालईबारीच्या तलावात, कडूबाच्या नावेतून पाण्यात पडून तो गेला. ठाण्यातल्या कागदावर असं आहे की जाकिटं काठावर होती, नावाड्यानं घालायला सांगितलं, मयतानं घातलं नाही. खाली कडूबाचा अंगठा आहे. सही येते त्याला, चांगली वळणदार येते. पण त्या दिवशी गारठलेल्या बोटांत पेन धरवेना, म्हणून जमादारांनी शेवटी अंगठ्यावरच भागवलं.

डोणगाव सोडून वर डोंगरात शिरलं की सालईबारी लागतं. दोन डोंगरांच्या मधली खिंड, तिच्या तोंडाशी जुना मातीचा बांध, आणि बांधाच्या आत लांबुळका तलाव. अकरा वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीनं ठराव केला आणि तीन पत्र्याच्या नावा कडूबाच्या हवाली केल्या. तेव्हापासून रविवारी मेहकरकडची, डोणगावकडची माणसं पोराबाळांना घेऊन यायला लागली. बांधाखाली रोडगे भाजायचे, वांगी भाजायची, आणि पाळीपाळीनं नावेत बसायचं. कुणी अर्ध्या तासाचा फेरा मागायचं, कुणी दिवसभरासाठी नाव घ्यायचं. वल्ही मात्र कडूबाच्याच हातात राहायची. काठावर पाटी होती, 'जाकिटाशिवाय नावेत बसू नये', आणि ती पाटी पाळली जायची ती कडूबाच्या बायकोमुळे. मनकर्णाबाई प्रत्येकाच्या अंगात जाकीट घालून स्वतः गाठ मारायची. लाजणाऱ्या नवरदेवाला म्हणायची, "मी मारलेली गाठ हाय, तुह्या बायकोलेही सुटणार नाई." अकरा वर्षांत एकही माणूस पाण्यात पडला नव्हता.

आणि कडूबाला नावेपेक्षा जास्त वेड कशाचं असेल तर कीर्तनाचं. गळा काही फार गोड नव्हता त्याचा. पण टाळ हातात आले, महाराजांच्या मागे उभं राहायला मिळालं, की साठीच्या त्या माणसाच्या पायात पोराचं बळ यायचं. चाल कुठे उचलायची, कुठे सोडायची, महाराज आता थांबणार की पुन्हा पहिल्या चरणावर येणार, हे त्याला त्यांच्या खांद्यावरून कळायचं. नाव वल्हवतानाही तो गुणगुणत राहायचा आणि पाण्यावर वल्ह्याचा ठेका त्याच चालीत पडायचा. कीर्तनातून उठून आलेल्या माणसाचा चेहरा बघावा, धुतलेल्या भांड्यासारखा असतो, असं तो म्हणे. त्याचा स्वतःचा तसाच असायचा.

माघात गावात सप्ताह बसायचा. ते सात दिवस तिन्ही नावा काठावर पालथ्या. हा नियम पंचायतीचा नव्हे, कडूबाचा. नावा बंद म्हणजे जाकिटंही रिकामी. पाच वर्षांपूर्वी सिंधूताई म्हणून गावातली एक म्हातारी, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली, मांडवात बसताना कळवळली. खाली मुरूम, वर पातळ सतरंजी, आणि माघातला गारठा. मनकर्णाबाईनं घरी जाऊन एक जाकीट आणलं आणि तिच्या खाली सरकवलं. दुसऱ्या दिवशी चौघींनी मागितलं. तिसऱ्या दिवशी बाराही जाकिटं पहिल्या रांगेत गेली. पुढल्या वर्षी मनकर्णाबाईनं जुन्या लुगड्यांच्या खोळी शिवल्या, त्यामुळे ती गाद्यांसारखीच दिसायला लागली. मग ती रीतच पडली. सप्ताह बसला की जाकिटं मांडवात, उठला की धुऊन, वाळवून नावांपाशी. एका महाराजांनी तर कीर्तनातच म्हटलं होतं की या माउल्यांना भवसागराची चिंता नाही, त्यांच्या खाली तरायची सोय आहे. सगळा मांडव हसला होता. कडूबा सगळ्यांत जास्त.

या वर्षी काल्याच्या दोन दिवस आधी सौमित्रचा फोन आला. आई-बाबांना काल्याचं कीर्तन ऐकायचं आहे, सालईबारीच्या सप्ताहाचं नाव त्यांनी ऐकलं आहे. आणि आई आजवर कधी नावेत बसली नाही, तिला एकदा बसवायचं आहे. दिवसभरासाठी नाव मिळेल का? कडूबानं सांगितलं की सप्ताहात नावा बंद असतात. मग विचारलं की माय किती वर्षांची हाय. सदुसष्ट, असं उत्तर आलं. सदुसष्ट वर्षांची माउली, देऊळगावाहून कीर्तनासाठी एवढ्या लांब येणार, आणि तिला नाही कसं म्हणायचं? त्यानं एक नाव सुलटी करून पुसून ठेवली. जाकिटांचं तेव्हा त्याच्या डोक्यातच आलं नाही.

ते तिघं आले तेव्हा कीर्तन उभं राहिलं होतं. गुरुजी पुरुषांत जाऊन बसले. सौमित्रची आई शकुंतलाबाई बायकांच्या रांगेशी आल्या, पण खाली बसताना त्यांनी खांबाला धरलेलं मनकर्णाबाईनं पाहिलं. त्या दिवशी बारावं जाकीट तिच्या स्वतःच्या खाली होतं. ती उठली आणि ते त्यांना दिलं.

सौमित्र काठावर आला. फार बोलका नव्हता, पण नीटनेटका. चपला काढून एका बाजूला जोडून ठेवल्या, फोन पिशवीत घालून पिशवीचं तोंड दोनदा आवळलं. म्हणाला की आधी मी एक फेरा मारून पाहतो, मग आईला बसवू, ती घाबरली तर उगाच नको. आणि मग त्यानंच विचारलं की जाकीट कुठे आहे. त्यानं स्वतः विचारलं. हेच तर कुठल्या कागदावर नव्हतं.

कडूबा म्हणाला की आणतो, आणि दोघंही चढण चढून मांडवापाशी गेले. महाराज अगदी रंगात आले होते. कृष्ण सवंगड्यांच्या शिदोऱ्या एकत्र करतो आहे, कुणाची भाकर शिळी, कुणाचं लोणचं, आणि देव सगळ्यांचं उष्टं खातो आहे. मांडवात चिटपाखरू हलत नव्हतं. पहिल्या रांगेच्या टोकाला शकुंतलाबाई बसल्या होत्या. डोळे मिटलेले, हात मांडीवर हलकेच ठेका धरून. कडूबा त्यांच्याकडे वाकणार, तेवढ्यात सौमित्रनं त्याचं मनगट धरलं.

"राहू द्या काका," तो हळू म्हणाला. "किती दिवसांनी अशी बसलीय ती. थोडं पोहता येतं मला. काठाकाठानंच जाऊ आपण."

उरलेल्या अकरा जणींपैकी एखादीला हात लावला असता तर ती उठली असती. सिंधूताई तर हसत उठली असती. पण अशा कीर्तनात उठवणं म्हणजे जेवणाऱ्याच्या पुढचं ताट ओढणं, हे कडूबाच्या रक्तातच होतं. शिवाय महाराजांनी तेवढ्यात ती चाल घेतली, त्याची आवडती, आणि तो उभा राहिला. किती वेळ, ते त्याला आजही सांगता येत नाही. पाच मिनिटं असतील, वीसही असतील. सौमित्रनंच कोपराला हात लावून त्याला भानावर आणलं.

खिंडीतून दुपारी वारा उतरतो. बाराच्या आत नाव काठाला लागली पाहिजे, हा अकरा वर्षांचा ठोकताळा. त्या दिवशी नाव पाण्यात ढकलली तेव्हाच साडेअकरा होऊन गेले होते. आणि हंडी फुटायच्या आत परत यायचं म्हणून कडूबा काठाकाठानं वळसा न घालता आडवा कापत गेला. मध्यावर सौमित्रनं विचारलं, मी जरा वल्हवून पाहू का, म्हणजे आईला मीच फिरवीन. दोघं जागा बदलायला उठले आणि वारा आला.

पुढचं कडूबाला तुकड्यातुकड्यानं आठवतं. पत्र्याचा आवाज. पाण्याची थंडी. खाली जुन्या सालईंची बुडालेली खोडं आणि त्यांत अडकलेला पांढरा शर्ट. तो चार वेळा खाली गेला. चौथ्यांदा शर्ट हाताला लागला. तोवर वर हंडी फुटली होती आणि लोक काल्याचे द्रोण हातात घेऊन चढण उतरत होते.

पोलीस यायच्या आत सप्ताह कमिटीच्या राजकुमारनं सगळं केलं. मांडवातून जाकिटं गोळा केली, खोळी काढल्या, अकरा काठावरच्या खुंट्यांवर टांगली आणि बारावं नावेत टाकलं. राजकुमार वाईट माणूस नव्हे. गावात कुणाच्या घरी मयत झालं तर सरण रचायला पहिला येणारा. त्याला दिसत होतं की या म्हाताऱ्या जबाबाला ठाण्यात उभ्या राहतील, सप्ताहाचं नाव पेपरात येईल, आणि कडूबा म्हातारपणी आत जाईल. कडूबा काठावर ओल्या अंगानं बसला होता. राजकुमारनं त्याच्या खांद्यावर घोंगडी टाकली आणि समजावलं.

"तो सोताच म्हणला ना, राहू द्या? मंग झालं. त्यानं नाई घातलं. यात खोटं काय हाय, भाऊ?"

कडूबानं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, त्याचं त्यालाही ठाऊक नाही. जमादारांनी हो धरलं.

रात्री महाराज घरी आले होते. कुणी तरी त्यांना खरं सांगितलं असावं. ते कडूबाचा हात हातात घेऊन तासभर बसले, आणि जाताना त्याच्या पायांना हात लावून गेले. त्यानं कडूबाला बरं वाटायचं सोडून अधिकच मेल्यासारखं झालं. तेव्हापासून त्यानं टाळ उचलले नव्हते. पहाटे उठून बसायचा, ओठ हलवायचा, पण देवाचं नाव काही तोंडात यायचं नाही. देवाला विचारावं तर काय विचारावं? ज्या दारात म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांची दया केली, त्याच दारात हे व्हावं, याचा हिशेब तो कुठल्या तोंडानं मागणार? तिकडे सिंधूताईनं देवळात येणं सोडलं होतं. मनकर्णाबाई रात्री उठून अंगणात हिंडायची.

तेरवीचा निरोप गुरुजींनीच पाठवला होता. तुम्ही माझ्या मुलाला पाण्यातून काढलंत, तुम्ही यायलाच हवं. राजकुमार म्हणाला जाऊ नको. मनकर्णाबाई म्हणाली, "जा. अन सांगून ये. तुमच्यानं नाई झालं तर मी जाईन."

गुरुजींचं घर बालाजीच्या देवळामागच्या गल्लीत होतं. दारात चपलांचा ढीग, आत बायकांची कुजबुज. शकुंतलाबाई पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. कडूबा दिसताच त्यांनी त्याला जवळ बोलावलं, आणि तो वाकून उभा राहिला तर त्याचा हात धरून म्हणाल्या, "तुमच्या मंडळींनी फार माया केली हो त्या दिवशी. बसायला मऊ गादी दिली. किती वर्षांनी दोन तास खाली बसले मी. गुडघा ठणकला नाही."

कडूबानं जुळवून आणलेलं वाक्य तिथेच मोडलं. त्यानं हात सोडवून घेतला आणि भिंतीशी जाऊन बसला.

तिथे बसल्याबसल्या त्याला या घरात काय चाललं आहे ते कळायला लागलं. गुरुजींच्या बहीण कौशल्याबाई आल्यागेल्याला तेच तेच सांगत होत्या. त्या दिवशी सकाळी नवराबायकोचं वाजलं होतं. सून, रेवती, शाळेत शिक्षिका. तिला वह्या तपासायच्या होत्या म्हणून ती यायला नाही म्हणाली. तेव्हा पायऱ्या उतरताना सौमित्र म्हणून गेला होता, मी परत आलो नाही तरी तुझं काही अडणार नाही. सगळ्यांनी ऐकलं होतं. "आणि तिकडे जाऊन जाकीट घातलं नाही त्यानं," कौशल्याबाई पदर डोळ्यांना लावून म्हणत. "सांगितलं तरी घातलं नाही. आता समजायचं ते समजा." ऐकणाऱ्या बायका समजत होत्या. आणि मग सगळ्यांच्या नजरा स्वयंपाकघराच्या दाराकडे जात.

कागदावरचं ते एक वाक्य. कडूबाला वाटलं होतं की ते फक्त आपल्याला खातं आहे.

गुरुजींनी त्याला वरच्या खोलीत नेलं. कडी लावली नाही, पण दार लोटून घेतलं. टेबलावर एक निळं हेल्मेट होतं. गुरुजी जन्मभर भूमिती शिकवलेला माणूस, एकेक पायरी मांडावी तसं बोलत होते. सौमित्र गल्लीच्या टोकाला दूध आणायला गेला तरी हेल्मेट घालायचा. लोक हसायचे. गॅसचं बटण झोपण्याआधी दोनदा बघायचा. लहानपणी विहिरीत डोकवायचा तो पोटावर पालथा पडून. असा माणूस नावेत बसतो आणि जाकीट घालत नाही.

"मला खरं सांगा," गुरुजी म्हणाले. "तो जिवाला कंटाळला होता का? तुमच्याशी काही बोलला? मी ऐकून घेईन. न कळण्यापेक्षा ते बरं."

कडूबानं तोंड उघडलं. बारा जाकिटं होती, गुरुजी, एवढं ओठांवर आलं. पण खालून शकुंतलाबाईंचं बोलणं वर येत होतं, कुणाला तरी त्या पुन्हा त्या गादीचंच सांगत होत्या. तो म्हणाला, "पाणी पिऊन येतो," आणि जिना उतरून मागच्या अंगणात गेला.

तिथे टाकीपाशी रेवती भांडी विसळत होती. एवढी माणसं घरात, पण तिच्याजवळ कुणी नव्हतं. तिनं त्याला तांब्या भरून दिला. तो प्याला नाही. हातात तांब्या तसाच धरून त्यानं सगळं सांगितलं, तुटक तुटक, उभ्या उभ्याच. बारा जाकिटं, खोळी, मांडव, त्यानं मनगट धरलं ते, आईविषयी म्हणाला ते, आपण चालीत अडकून उभे राहिलो ते, आडवी नाव घातली ते. राजकुमारचं नाव त्यानं घेतलं नाही. अंगठा माझा हाय, एवढंच म्हणाला.

रेवतीनं नळ बंद केला.

"जाकीट त्यानं मागितलं होतं? स्वतः?"

"हाव माय. पाण्याकडं पाहून पयले तेच इचारलं."

"आणि नावेत... रागात होता का?"

"नाई. वल्हं मागत होता. आईले मीच फिरवीन म्हणे." कडूबा थांबला. मग आठवून म्हणाला, "पुढच्या रविवारी बायकोलेबी घेऊन येतो म्हणे. तिच्या वह्या संपल्या का."

ती टाकीच्या कठड्याला धरून खाली बसली. ती रडली नाही. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेतल्यासारखी तिची छाती वरखाली होत होती. कडूबाला वाटलं, चला, देवा, एका जिवाचं तरी झालं. आता वर जातो, गुरुजींना सांगतो, मग ठाण्यात जातो. तो तसं म्हणालाही.

रेवतीनं मान वर केली.

"बाबांना सांगितलं की आईंना कळणार. ते लपवू शकत नाहीत काही. ठाण्यात सांगितलं तर ते चौकशीला इथे येणार, तुम्ही कशावर बसला होतात म्हणून आईंनाच विचारणार." ती अगदी सावकाश बोलत होती, जणू वर्गात फळ्यावर लिहीत होती. "आई दिवसातून दहा वेळा त्या गादीचं बोलतात. त्या दिवसातलं तेवढंच त्यांच्याजवळ उरलंय, काका. त्यांना काय सांगणार तुम्ही?"

"पण तुमच्यावर जे घेऊन राह्यले सारे..."

"घेऊ द्या. माझ्यावर राग धरून त्या जगतील. स्वतःवर धरला तर नाही जगणार."

"अन म्या? म्या काय करू माय?"

तिनं बराच विचार केला. खरंच विचार केला, टाळायचं म्हणून नाही.

"मला नाही ठाऊक, काका," ती म्हणाली, आणि पुन्हा नळ सोडला.

कडूबा सालईबारीहून निघाला तेव्हा त्याला शिक्षेची भीती होती. आता कळलं की शिक्षा असती तर ती एक जागा होती, जिथे जाऊन बसता आलं असतं. तीही आता बंद झाली होती. जिना चढताना प्रत्येक पायरीवर तो दम घेत होता.

गुरुजी तसेच बसले होते, हेल्मेट मांडीवर घेऊन. कडूबा त्यांच्या पायांशी बसला आणि जेवढं खरं सांगता येत होतं तेवढं सांगितलं. पोरगं कंटाळलेलं नव्हतं. हसत होतं. आईला नावेतून फिरवायच्या गोष्टी करत होतं. पुढच्या रविवारी बायकोला आणतो म्हणत होतं. माझ्या लेकराची आण घेऊन सांगतो, गुरुजी.

गुरुजींनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "मग जाकीट का नाही घातलं?"

कडूबानं नजर हेल्मेटवरून खाली फरशीकडे नेली. खाली कुणी तरी पानं मांडायला सांगत होतं. गुरुजी त्याच्याकडे बघत राहिले, आणि हळूहळू त्यांच्या डोळ्यांतलं ते विचारणं विझत गेलं.

"तुम्ही चांगले आहात," ते म्हणाले. "माझं मन राखताय."

पंगत बसली. कडूबाला निघायचं होतं, बस चुकेल म्हणाला, पण शकुंतलाबाई पलंगावरून उठून आल्या. एक हात भिंतीला, एक कमरेवर. तेरा दिवसांत त्या पहिल्यांदाच स्वयंपाकघराकडे आल्या होत्या, बायका बाजूला झाल्या. त्यांनी स्वतः त्याच्या पानापुढे पाणी ठेवलं, वरण वाढलं, पोळीवर तूप घातलं. गुरुजींचे विद्यार्थी, बँकेतले लोक, सगळे बघत होते की या धोतरातल्या माणसाला बाई स्वतः वाढत आहेत.

"राजकुमार सांगत होते, तुम्ही चार वेळा खाली गेलात," त्या म्हणाल्या. "या वयात. एवढ्या थंडीत. पाण्यात आमचं कुणी नव्हतं, तुम्ही होतात. सावकाश जेवा. अर्धपोटी उठलात तर मला चालायचं नाही."

रेवती बुंदीचं भांडं घेऊन दारात आली. शकुंतलाबाईंनी तिच्याकडे न बघता हात मागे केला, भांडं काढून घेतलं आणि पाठ फिरवली. रेवतीचे रिकामे हात थोडा वेळ तसेच पुढे राहिले. कौशल्याबाईंनी शेजारणीला कोपर मारलं.

कडूबाचा हात पानावरच थांबला. त्यानं मान वर केली, ओठ उघडले. दारातून रेवतीनं त्याच्याकडे पाहिलं आणि अगदी किंचित मान हलवली, नाही.

"बुंदी वाढू?" शकुंतलाबाईंनी विचारलं.

"हाव माय," कडूबा म्हणाला, "वाढा," आणि हातातला घास त्यानं तोंडात घातला.